त्या वर्षीचा घट

मला साप चावला होता असं सांगितलं की लोक आधी विचारतात, "नाग होता?" मी नाही म्हणते. "मग घोणस?" तेही नाही. मग मी माझी करंगळी दाखवते आणि सांगते, हिच्यापेक्षा बारीक होता, आणि लांबीला दीड वीत. ऐकणाऱ्याचा चेहराच पडतो. काहीजण हसतात. मीही हसते, कारण आता हसायला माझं काही जात नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरची एक सून सर्पदंशानं दवाखान्यात होती. तिच्या आईनं मला रस्त्यात गाठलं आणि विचारलं, "तुमी यातून गेलाय. तिला आत काय वाटत आसंल वो?" मी तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. औषधपाण्याचं डॉक्टरांना विचारा, त्यातलं मला कळत नाही. पण खाटेवर पडलेल्या माणसाचं काय होतं आणि खाटेखाली चटई टाकून बसलेल्या माणसाचं काय होतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

गांडूळ

बहात्तर सालची गोष्ट. मी राहात्याची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली. लग्न करून आले ती पाथर्डी तालुक्यात, तिसगावजवळच्या एका लहान गावात. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या मला 'राहात्याची राणी' म्हणायच्या, आणि ते कौतुक आहे की टोमणा हे मला लग्नानंतर बरेच दिवस कळलं नव्हतं. बहुधा दोन्ही होतं.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. माझे यजमान, दत्तात्रय, पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर माती वाहायला जायचे आणि तिकडेच राहायचे. गावाला टँकर यायचा. घरातल्या पाण्याच्या रांजणाची राखण माझ्याकडे होती. कोणाला किती पाणी द्यायचं ते मी ठरवायचे. पदरात सात महिन्यांची शोभा होती. गायीचं दूध कधीच आटलं होतं, गायच चारा छावणीत होती. शोभाचं सगळं माझ्या अंगावरच्या दुधावर चाललं होतं.

नवरात्र आलं. आमच्याकडे घट बसवताना पत्रावळीवर मातीचा थर देतात, त्यात धान्य पेरतात आणि मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा नवा घट ठेवतात. दसऱ्यापर्यंत भोवती रोपं उगवतात. त्या मातीबद्दल आत्याबाईंचा एक हट्ट होता.

"घटाची माती आपल्या वलीनं वली पायजे. वरून पानी मारलेली चालत न्हाई."

आता त्या वर्षी ओली माती आणायची कुठून? वावरात कुदळ मारली की ठिणगी उडायची. शेवटी आत्याबाईंनीच तोड काढली. रांजण पाझरायचा, म्हणजे त्याच्या खाली ओल असणार. सासरे, म्हणजे मामंजी, कुरकुरत उठले. रांजण रिकामा करून बाजूला सरकवला, खालचा दगड उचकटला आणि त्याखालची माती खणून पाटीभर काढली. काळीशार, गार माती होती. मला माहेरची आठवण झाली.

मी ढेकळं फोडायला बसले. शोभा मांडीशी बसून मातीत हात घालायला बघत होती. मी तिचा हात धरून बाजूला केला, तेवढ्यात एका ढेकळातून तांबूस असं काहीतरी वळवळत बाहेर आलं.

"आत्याबाई, गांडूळ!" मी आनंदानं ओरडले.

राहात्याला गांडुळाकडे कोण बघतं? पण त्या वर्षी आमच्या गावात गांडूळ दिसणं म्हणजे जमिनीत अजून जीव आहे असं दिसणं. मला ते कधी एकदा आत्याबाईंना दाखवते असं झालं. मी ते चिमटीत धरून तळहातावर घेतलं. त्यानं शेपटी वर वळवली, तिच्या खालचा रंग लाल आणि निळसर होता. गांडूळ असं कधी करत नाही, हे माझ्या लक्षात येईपर्यंत त्याचं दुसरं टोक माझ्या करंगळीच्या बुडाशी रुतलं होतं.

दुखलं फारसं नाही. मोठा मुंगळा चावावा तसं झालं. पण ते सुटेना. मी हात झटकला तेव्हा पाटीत पडलं.

नंतर कित्येकदा मनात आलं, मी शोभाचा हात बाजूला केला नसता तर? त्या सगळ्या आजारपणात मी जी काही सोसण्याची ताकद आणली, ती त्या एका विचारातून आणली.

बांगड्या

मामंजी काठी घेऊन धावले. आत्याबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"खबरदार! घटाच्या मातीत निघालंय. आज मारायचं न्हाई."

त्यांनी नवा घट आडवा करून पाटीत ठेवला. साप अंधार शोधत आपण होऊन आत गेला. त्यांनी घट उभा केला आणि देवीसाठी आणलेला खण त्याच्या तोंडावर बांधला. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. कोणीही असलं करू नका. साप कसा होता ते लांबून बघून ठेवलं तरी डॉक्टरला पुष्कळ होतं.

घरात गाव जमा झालं. कोणी म्हणालं वाळा साप आहे, कोणी म्हणालं दुतोंड्याचं पिल्लू आहे, काय होत नाही. मला कडुनिंबाचा पाला खायला दिला. विष चढलं असेल तर पाला गोड लागतो म्हणे. मला तो कडूजहर लागला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मीसुद्धा टाकला. पाल्यावर विसंबून आम्ही तेवढा वेळ घालवला. तुम्ही घालवू नका.

कारण हात सुजत चालला होता. आधी खाज, मग आग, मग मनगट दिसेनासं झालं. बांगड्या रुतायला लागल्या. घट बसायच्या दिवशी सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या कोण फोडणार? जमलेल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. आत्याबाईंनी तेल लावून पाहिलं, बांगड्या निघेनात. मग त्यांनी माझा हात उंबऱ्यावर धरला आणि स्वतःच्या हातानं एकेक बांगडी वाढवली. त्यांचे ओठ हलत होते. देवीला काय सांगत होत्या, मी कधी विचारलं नाही.

"भैरोबाच्या पारावर नेऊ," मामंजी म्हणाले. "तिथं बसवली की उतरंल."

"देवाला हितूनबी दिसतंय," आत्याबाई म्हणाल्या. "डाक्तरला दिसत न्हाई. त्याच्याकडं जावं लागतं."

टँकर तेवढ्यात विहिरीत पाणी सोडून नगरला परत निघाला होता. आत्याबाईंनी शोभाला शेजारच्या गयाबाईच्या ओटीत घातलं. गयाबाईचं बाळ शोभाएवढंच होतं.

इथे एक सांगायला हवं. लग्न झाल्यापासून आत्याबाईंनी नवरात्रात गावाची शीव ओलांडली नव्हती. घट बसला की त्या अनवाणी राहायच्या, उपास करायच्या आणि घटापासून हलायच्या नाहीत. मामंजी गोंधळून म्हणाले, "आगं, पर घट?"

"ह्यो काय, घेतला की," आत्याबाई म्हणाल्या आणि घट काखेत घेऊन, मला पुढे घालून टँकरमध्ये चढल्या.

ड्रायव्हर भला माणूस होता. माझ्याकडे बघून त्यानं गाडी जोरात सोडली. थोड्या वेळानं त्याची नजर आत्याबाईंच्या मांडीवरच्या खण बांधलेल्या भांड्याकडे गेली.

"मावशी, यात काय हाय?"

"घट हाय."

त्यानं चालत्या गाडीत एक हात सोडून घटाला मनोभावे नमस्कार केला. माझ्या हाताची आग आग होत होती, डोकं गरगरत होतं, तरी मला हसू फुटलं. आत्याबाईंनी मला कोपर मारलं, पण हसू त्यांनाही आवरत नव्हतं.

या सापावर लस नाही

नगरच्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. आत्याबाईंनी घट त्यांच्या टेबलावर ठेवला आणि खण सोडला. डॉक्टर आधी खुर्चीसकट मागे सरकले, मग पुढे वाकून पाहत राहिले. चिमट्यानं त्यांनी साप काचेच्या बरणीत घेतला. काळं डोकं, अंगावर बारीक ठिपके, पोट पोवळ्यासारखं लाल.

"पोवळा," ते म्हणाले. "जमिनीखाली राहतो. कोणाच्या वाट्याला जात नाही. मीही जिवंत पहिल्यांदाच बघतोय."

"बिनविषारीच ना?" मी विचारलं.

"नाही. विषारी आहे. नागाच्याच नात्यातला."

"मग लस द्या," आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी खुर्ची ओढून आमच्यासमोर घेतली. ते खुर्ची ओढून बसले, तेव्हाच मला समजलं की बातमी चांगली नाही.

"आजी, लस आहे ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरशावर. यावर लस नाही. ती दिली तर उपयोग नाही, उलट हिला त्रास होईल. तुम्ही साप आणला नसता तर मी कदाचित दिलीही असती. याचं तोंड लहान, विष थोडं. बहुतेक हात सुजण्यावर भागेल. पण श्वासावर लक्ष ठेवावं लागेल. आपण वाट बघायची."

आजारी माणसाला सगळ्यात जड काय जात असेल तर हे वाट बघणं. गोळी दिली, सुई टोचली की काहीतरी चाललंय असं वाटतं. मला फक्त खाटेवर आडवं केलं आणि सगळेजण माझ्याकडे बघत बसले.

मी विचारलं, "लेकीला पाजलं तर चालंल?"

"आत्ता नको. मी सांगेपर्यंत नको."

नाव

बायकांच्या वॉर्डात माझ्या शेजारी मिरजगावच्या भागूबाई होत्या. पाय मोडून पडलेल्या, पण सगळा वॉर्ड त्याच चालवायच्या. कोणाला चहा आला नाही, कोणाची चादर बदलायची राहिली, सगळं त्या खाटेवरून ओरडून सांगायच्या. फिनेलच्या वासानं मला मळमळायचं, तर त्यांनी लिंबाची फोड हुंगायला दिली होती.

दिवस मावळायच्या सुमाराला माझ्या पापण्या जड झाल्या. झोप नव्हती. डोळे उघडायचे म्हटलं तर उघडेनात. बोटानं पापणी वर केली की दिसायचं, सोडली की पडदा. गिळताना घसा अडकायला लागला. मी घाबरले हे सांगायला मला लाज वाटत नाही. मी इतकी घाबरले की आत्याबाईंच्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं.

सिस्टरनी एक युक्ती सांगितली. एका दमात आकडे मोजायचे. जितके आकडे होतील त्यावरून श्वासाचा जोर कळतो. मी मोजायला लागले. आत्याबाई कासावीस झाल्या.

"सिस्टरबाई, मला विसाच्या म्होरं येत न्हाई. हिचं वाढलं का कमी झालं, मला कसं कळायचं?"

भागूबाई शेजारून म्हणाल्या, "मग उखाणा घ्यायला सांगा. त्यो तर तुमाला कळंल?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी एक लांबलचक उखाणा जुळवला होता. त्यात आत्याबाईंना चिमटा होता, म्हणून त्यांना तो तोंडपाठ होता. सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, घ्या, मला चालेल.

"दारात रांजण, रांजणावर झाकण,
झाकणावर तांब्या, तांब्याला राखण,
राखणीला बसली राहात्याची मैना,
माहेरच्या पाटाचं पाणी काही येईना,
येईना तर येईना, मी नाही रुसत,
दत्तात्रयरावांच्या रांजणाशी बसते मी हसत."

एरवी मी हा एका दमात सहज म्हणायची. त्या संध्याकाळी 'मी नाही रुसत'पर्यंत गेले. दिवे लागले तेव्हा मैनेपर्यंत. त्यानंतर तांब्यावरच दम संपला.

उखाण्यात नवऱ्याचं नाव शेवटी येतं. माझा दम नावापर्यंत पोचत नव्हता, आणि याचा अर्थ प्रत्येक बाई आपापल्या मनात लावत होती. डॉक्टर धावत आले, खाटेची डोक्याकडची बाजू उंच केली, ऑक्सिजनचं नळकांडं आणून ठेवलं.

आत्याबाई माझ्या कानाशी वाकल्या.

"पोरी, नाव मागं ठिवू नगं. आदी नाव घे. बाकीचं मग ज्येवढं व्हईल त्येवढं."

"आसं कुठं आस्तंय का?" भागूबाई म्हणाल्या.

"आजपास्नं हाय."

मी नाव आधी घेतलं. दत्तात्रयराव. मग रांजण, मग झाकण. मग थांबले. पण नाव घेतलं होतं. का कोण जाणे, भीतीचा जोर त्यानं ओसरला. मी नुसता पुढचा श्वास घ्यायचा असं ठरवलं, मग त्याच्या पुढचा. तुमच्यापैकी कोणी त्या जागी असेल तर मला एवढंच सांगता येईल. सगळा उखाणा म्हणायला जाऊ नका, आपलं जे जवळचं असेल त्याचं नाव आधी घ्या.

दूध

दुसऱ्या दिवशी पापण्या तशाच होत्या, पण दम आणखी कमी झाला नव्हता. डॉक्टर म्हणाले, थांबलंय, हे चांगलं आहे.

माझी छाती मात्र दगडासारखी झाली होती. शोभाला पाजायच्या वेळेला दूध दाटून यायचं, ठणकायचं, अंगात कणकण भरायची. सिस्टर म्हणाल्या, काढून टाका, नाही तर गाठी होतील आणि दूध आटेल. आत्याबाईंनी वाटी धरली. मी डाव्या हातानं पिळत होते, उजवा हात तर उचलतच नव्हता. वाटी भरली. ती त्यांना मोरीत ओतावी लागली.

दुष्काळाचं वर्ष. पोरं पाण्यात कालवलेल्या पिठावर दिवस काढत होती. आणि आत्याबाई दुधाची वाटी मोरीत ओतत होत्या. बांगड्या वाढवताना रडल्या नाहीत, नाव मागे पडलं तेव्हा रडल्या नाहीत, तिथे मोरीपाशी उभ्या राहून रडल्या. मला त्यांचा आवाज ऐकू आला आणि मलाही आवरलं नाही. त्यानंतर प्रत्येक वेळी त्या वाटी ओतून यायच्या आणि म्हणायच्या, "येतंय तवर काढायचं. शोभीसाठी वाट मोकळी ठिवायची."

त्याच दिवशी हे आले. तलावावरून निरोप मिळाल्यावर निघाले होते. मी डोळे मिटून पडलेली बघून त्यांना मी झोपले आहे असं वाटलं आणि ते आईवर तुटून पडले. "रांजनाखालची माती कशाला काढली? वल, वल! त्या वलीपायी बाईल घालवली आसती माझी." आत्याबाईंनी त्यांना बसायला चटई सरकवून दिली. मला बोलायचं होतं की गांडूळ म्हणून मीच हातात घेतलं, पण जीभ जड झाली होती.

संध्याकाळी राहात्याहून माझे वडील आले. तेही मला झोपलेली समजले. आजारपणात डोळे मिटलेले असले की माणसाला काय काय ऐकावं लागतं!

"ताई, मी स्पष्टच बोलतो," वडील म्हणाले. "पाणी नाही, दूध नाही, त्यात हे. बरी झाली की मी हिला आन् नातीला घेऊन जातो. पुढचं पुढं."

आत्याबाई माझे तळपाय चोळत होत्या, ते हात थांबले.

"न्या," त्या म्हणाल्या. "पर आदी बरी व्हऊ द्या, पाव्हनं. बरी झाली तर कुटंबी ऱ्हाऊ द्या तिला. मला चालंल." आणि पुन्हा पाय चोळायला लागल्या.

यांनी ते ऐकलं. रागानं आले होते, ते खाली आईशेजारी चटईवर बसले. मला चाहूल लागली की ते पुठ्ठ्यानं मला वारा घालताहेत. नंतर आईलाही घालायला लागले.

पापण्या

एका सकाळी चहाच्या वेळेला माझी डावी पापणी आपण होऊन वर गेली. मला पहिली दिसली ती आत्याबाईंची पावलं. त्या खाटेच्या पायथ्याशी डोकं टेकून झोपल्या होत्या. नवरात्र म्हणून अनवाणी आलेल्या, टाचांना भेगा, भेगांत दवाखान्याची धूळ. मी ती पावलं किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. एवढी सुंदर गोष्ट मी त्या वर्षात दुसरी पाहिली नाही.

मग दिवसागणिक उखाणा वाढत गेला. तांब्या पार झाला, मैना पार झाली. सगळ्या वॉर्डाला तो पाठ झाला होता. ज्या दिवशी मी 'दत्तात्रयरावांच्या रांजणाशी बसते मी हसत' इथपर्यंत एका दमात पोचले, त्या दिवशी भागूबाईंनी खाटेवर थाळी वाजवली. नेमके हे दारात उभे होते. चारचौघांत आपलं नाव असं वाजलेलं बघून त्यांना पळता भुई थोडी झाली. डॉक्टरही हसले आणि म्हणाले, "आता घरी गेलात की मुलीला पाजा."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मला सोडलं, तोवर हे तलावाच्या कामावर परत गेले होते. हाताची सूज उतरली होती, करंगळीला मुंग्या मात्र अजून थंडीत येतात. आत्याबाईंनी डॉक्टरांकडे घट मागितला आणि सापाची चौकशी केली. अजून जिवंत होता. डॉक्टर म्हणाले, गावाबाहेर सोडून देतो.

"वल बगून सोडा," आत्याबाई म्हणाल्या. "त्येबी आमच्यासारखंच वल धुंडीत आलं हुतं."

घट त्यांनी दवाखान्याच्या नळावर घासून घासून धुतला आणि पाण्यानं भरून घेतला. रिकामा घट घरी न्यायचा नाही म्हणे.

एसटी स्टँडवर वडील उभे होते. एका बाजूला राहात्याची गाडी, दुसऱ्या बाजूला पाथर्डीची. वडील माझ्याकडे बघत होते. आत्याबाई मुद्दाम दुसरीकडे, मांडीवरच्या घटाकडे बघत होत्या. मी वडिलांच्या पाया पडले आणि म्हटलं, "दादा, दिवाळीला येते." मग पाथर्डीच्या गाडीत चढले. आत्याबाई शेजारी येऊन बसल्या. तिसगाव येईपर्यंत घटातलं पाणी हिंदकळून माझ्या लुगड्यावर सांडलं की त्या पदरानं पुसायच्या.

घरी

दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. देवापाशी बघते तर मामंजींनी तांब्याचाच घट बसवला होता. ती पाटीतली माती त्यांनी लांब काठीनं उकरून उकरून पाहिली होती आणि मग पेरली होती. रोपं वीतभर आली होती, वाकडी, पिवळी, पण आली होती. आत्याबाईंनी नगरचं पाणी त्यांच्यावर शिंपडलं.

गयाबाई शोभाला घेऊन आली. मी हात पुढे केले. शोभानं माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं आणि गयाबाईच्या खांद्यात तोंड लपवलं.

मी तिला घेऊन भिंतीशी बसले, पदर घेतला. ती तोंड फिरवून रडायला लागली. माझ्या अंगाला फिनेलचा वास होता की काय, कोण जाणे. मी पुन्हा जवळ घेतलं, ती पुन्हा फिरली. वॉर्डातले ते सगळे दिवस मी याच घटकेसाठी दम धरला होता. वाट्या भरभरून दूध मोरीत ओतलं होतं ते याच घटकेसाठी. माझा धीर सुटला. मी शेजारणींदेखत हुंदके देऊन रडायला लागले. आता शोभाही रडत होती आणि मीही.

गयाबाई मोठ्यानं म्हणाली, "आवो आत्याबाई, सुनेचा उखाना नगरात गाजला म्हनं. आता सासूचा व्हऊ द्या की!"

आत्याबाई कधी उखाणा घ्यायच्या नाहीत. पाठ नाही म्हणायच्या. त्या दिवशी त्या माझ्यासमोर मांडी घालून बसल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मालकाचं नाव घ्यायला उद्या हाय," त्या म्हणाल्या. "आज हिचं घेते." आणि सुरू झाल्या:

"सुमनचं नाव आदी घेते, मागं न्हाई ठिवत,
तिच्याबिगर घरात मी घासबी न्हाई जेवत,
घटाच्या मातीत निघालं पवळं,
राहात्याचं रोप माझ्या दारी कवळं,
पाऊस येईना तर येईना, आमी न्हाई रुसत,
लेकीला पाजाया बसलीया हसत."

मी कुठली हसत होते! नाकाडोळ्यातून पाणी वाहत होतं. पण शेवटची ओळ ऐकली आणि रडता रडता खरंच हसू फुटलं. बायकाही हसायला लागल्या. शोभा दचकून गप्प झाली. तिनं माझ्या हलणाऱ्या अंगाकडे, मग वर माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटतं तिनं ते हसणं ओळखलं. तिनं पदराखाली तोंड घातलं आणि धरलं.

मामंजी दारातून आत डोकावले.

"आन् आमचं नाव?"

"गप बसा," आत्याबाई म्हणाल्या. "पोरगी पितीया."